सॉफ्टवेअरला सह्याद्री दिसत नाही

पावसाचे नकाशे करायला घेतलेस, असं ताई फोनवर सांगत होती. क्यूजीआयएस उतरवून घेतलंस हे बरं केलंस. फुकट आहे आणि तुझ्या कामापुरतं सगळं त्यात आहे. कुठलं बटण कुठे, ते व्हिडिओ बघून तू माझ्यापेक्षा लवकर शिकशील, म्हणून त्यात मी पडत नाही. व्हिडिओत जे सांगत नाहीत तेवढं सांगतो.

सॉफ्टवेअर कधी ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. पर्जन्यमापक असो वा नसो, ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नकाशा रंगवून देतं. कुठला रंग मोजलेला आणि कुठला अंदाजाने भरलेला, हे बघणाऱ्याला कळत नाही. ते तुला कळलं पाहिजे. माझं पुढचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

तेव्हा पहिल्या दिवशी रंगाला हात लावू नकोस. केंद्रांचे नुसते ठिपके टाक. खाली उठावाचा थर ठेव. एसआरटीएमचं ३० मीटरचं उंचीचं रास्टर फुकट मिळतं, त्यावरून हिलशेड करून घे. मग नुसतं बघ. मापकं बहुतेक तालुक्याच्या गावी, कचेरीच्या आवारात, धरणाजवळ, म्हणजे माणूस रोज जाऊन वाचू शकेल अशा ठिकाणी असतात. जिथे पाऊस सगळ्यांत जास्त कोसळतो तिथे कडे आणि जंगल असतं. ठिपके विरळ झाले की ती जागा मनात टिपून ठेव, कारण पुढे तीच जागा सुंदर निळ्या रंगात तुझ्यासमोर येणार आहे.

ठिपके टाकताना दोन घोटाळे हमखास होतात. अक्षांश आणि रेखांश अदलाबदल झाले तर पुणे नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पडतं. हा घोटाळा चांगला, कारण लगेच दिसतो. दुसरा दिसत नाही. जुन्या तक्त्यांत केंद्राची जागा अंश आणि मिनिटांत असते. पुण्याच्या वेधशाळेचं स्थान १८ अंश ३२ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व. कुणीतरी एक्सेलमध्ये ते १८.३२ आणि ७३.५१ असं टाकून ठेवतं. खरं तर मिनिटांना ६०ने भागायचं असतं, म्हणजे १८.५३ आणि ७३.८५. फरक दोन-तीन दशांशांचा वाटतो, पण जमिनीवर शिवाजीनगरची वेधशाळा उचलून वेल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळ जाऊन बसते. पुण्याचा सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस मग सह्याद्रीच्या कड्यावर नोंदला जातो, आणि सॉफ्टवेअर तिथे मुकाट्याने कोरडा पट्टा काढतं. ओळखायची खूण सांगतो: कुठल्याही केंद्राच्या दशांशात ५९च्या पुढचा आकडा येतच नसेल, तर समज की ती मिनिटं आहेत.

आकड्यांचा तक्ता आयात करण्याआधी रिकाम्या घरांकडेही बघ. रिकामं घर, आडवी रेघ आणि शून्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घाटातल्या एखाद्या केंद्राचा जुलै नोंदलाच गेला नसेल आणि बेरजेत तो शून्य धरला गेला, तर तिथे दोन-दोन हजार मिलिमीटरचा दुष्काळ पडतो. महिना गहाळ असेल तर त्या वर्षाची बेरीज करूच नकोस.

हवामान विभागाची ग्रिड वापरणार असशील तर तिचा स्वभाव समजून घे. पुण्याच्या कार्यालयातून, ज्याला शिमला ऑफिस म्हणतात तिथून, ०.२५ अंशाची रोजच्या पावसाची ग्रिड मिळते, १९०१पासूनची. विनामूल्य आहे आणि देशभराची लांबलचक मालिका आहे. ती ६,९५५ केंद्रांच्या नोंदींवरून केली आहे. पण ही सगळी केंद्रं सगळ्या वर्षी चालू नव्हती, कुणी दहा वर्षं, कुणी सत्तर. म्हणून १९१० आणि २०१० यांचे नकाशे शेजारी ठेवून एखाद्या खोऱ्यातला फरक दाखवताना जरा थांब. फरक पावसाचा असेल, नाहीतर मापकांचाही असेल.

या ग्रिडची बायनरी फाइल दक्षिणेकडून सुरू होते, ६.५ अंश उत्तर आणि ६६.५ अंश पूर्व इथून. रास्टर वरून खाली वाचलं जातं. त्यामुळे सरळ उघडलीस तर देश उलटा होतो, केरळ वर आणि काश्मीर खाली. नेटसीडीएफ घेतलीस तर हा त्रास वाचतो. आकडे चौकोनाच्या मध्याचे आहेत, कोपऱ्याचे नाहीत. बायनरीवरून स्वतः रास्टर बनवलंस तर डावी कड ६६.५ नाही, ६६.३७५ ठेवावी लागते. नाहीतर सगळा पाऊस अर्धा चौकोन, म्हणजे तेरा-चौदा किलोमीटर सरकतो. कोकणात तेरा किलोमीटर म्हणजे किनाऱ्यापासून पार आत. आणि समुद्रावर, सीमेबाहेर उणे ९९९ भरलेलं असतं; ते ‘नो डेटा’ म्हणून आधी सांगितलं नाहीस तर किनाऱ्यावरच्या तालुक्यांची सरासरी उणे येईल. उणे पाऊस छापून आलेला मी पाहिला आहे.

तारखेचंही एक आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पण तक्त्यात तो २७ तारखेखाली सापडेल, कारण वाचन २७च्या सकाळी झालं. उपग्रहाच्या माहितीत दिवस बहुधा जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दोन्ही एकत्र करून एका दिवसाचा नकाशा काढशील तेव्हा हे लक्षात असू दे. महिन्याच्या नकाशात त्याने फारसं बिघडत नाही.

त्याच दिवसाचं उदाहरण पुढच्या गोष्टीलाही लागू आहे. सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला ७३. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. ही दोनच केंद्रं देऊन मधलं भरायला सांगितलंस तर सॉफ्टवेअर दादरला पाचशेच्या आसपास काढेल. दादरला काय पडलं याबद्दल या दोन केंद्रांना काहीही ठाऊक नाही. ही शुद्ध सरासरी आहे.

आता मधलं भरण्याबद्दल, म्हणजे इंटरपोलेशनबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्राचे बहुतेक नकाशे इथेच फसतात.

सगळ्यांचा हात आधी आयडीडब्ल्यूकडे जातो. जवळच्या केंद्राला जास्त वजन, लांबच्याला कमी. सोपी रीत आहे, सपाट मुलखात, भरपूर मापकं असतील तर चालूनही जाते. मराठवाड्यात मी तिला फार नावं ठेवणार नाही. पण तिला डोंगर म्हणजे काय ते माहीत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. पूर्वेला सरळ रेषेत पंधराएक किलोमीटरवर पाचगणी, तिथे याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. आणखी दहा किलोमीटर खाली उतरून वाई, तिथे सात-आठशेच्या घरात. आयडीडब्ल्यू महाबळेश्वरभोवती पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी गोल वलयं काढते. खऱ्या जगात तो पाऊस गोल नसतो. तो माथ्याच्या धारेला धरून उत्तर-दक्षिण चिंचोळा पट्टा असतो, पश्चिमेला हळूहळू वाढत येणारा आणि पूर्वेला धाडकन कोसळणारा. तुझ्या नकाशात घाटावर गोल डोळे दिसले की समज, हा पाऊस नाही, मापकांच्या जागा आहेत.

आणखी एक मर्यादा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आयडीडब्ल्यूचं उत्तर दिलेल्या सगळ्यांत मोठ्या आकड्याच्या वर कधी जात नाही आणि सगळ्यांत लहानाच्या खाली जात नाही. म्हणजे तू रत्नागिरी, चिपळूण, कराड आणि सातारा दिलंस आणि माथ्यावरचं एकही केंद्र दिलं नाहीस, तर माथ्यावर चिपळूणपेक्षा कमीच पाऊस निघणार. गणित अगदी बरोबर आणि नकाशा अगदी चूक.

मग कुणी म्हणतं, उंची घाला. उंची वाढली की पाऊस वाढतो, असं समीकरण बसवा. थोडं सुधारतं, पण पाचगणी तिथेही फसवते. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटरवर, पाचगणी १२९०च्या आसपास. उंचीत काही फरक नाही आणि पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर. उंचीपेक्षा महत्त्वाचं हे, की तू माथ्याच्या कुठल्या बाजूला आहेस आणि माथ्यापासून किती लांब. अरबी समुद्राकडून येणारा वारा पहिल्या भिंतीवर रिकामा होतो, मागचं पठार कितीही उंच असलं तरी त्याच्या वाट्याला उरलेलं येतं. म्हणून उठावाच्या थरावर सह्याद्रीच्या माथ्याची एक रेघ स्वतःच्या हाताने काढ. प्रत्येक केंद्राचं त्या रेघेपासूनचं अंतर काढ, पश्चिमेला उणे आणि पूर्वेला अधिक धरून. पाऊस आणि हे अंतर आलेखावर मांडलंस की उंचीने जे सुटत नव्हतं ते बरंचसं सुटतं.

माझी स्वतःची आवडती रीत वेगळी आहे आणि एका ठरावीक वर्षाचा किंवा महिन्याचा नकाशा करायचा असेल तेव्हा मी दुसरी वापरत नाही. मिलिमीटरचं इंटरपोलेशन करायचंच नाही. प्रत्येक केंद्राचा त्या वर्षाचा पाऊस त्याच्या स्वतःच्या दीर्घकालीन सरासरीच्या किती टक्के, ते काढायचं. महाबळेश्वर आणि वाई यांच्या मिलिमीटरांत सातपट फरक असतो, पण चांगल्या वर्षी दोघांचेही टक्के साधारण एकाच अंगाने हलतात. टक्के डोंगर ओलांडताना तेवढी उडी मारत नाहीत, म्हणून त्यांना साधी आयडीडब्ल्यू पुरते. मग त्या टक्क्यांच्या रास्टरने सरासरी पावसाच्या बारीक, चांगल्या रास्टरला रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये गुणायचं आणि शंभराने भागायचं. डोंगराचा आकार सरासरीच्या नकाशातून येतो, त्या वर्षाचं वागणं केंद्रांकडून येतं.

क्रिगिंगबद्दल विचारशील. कर, जरूर कर, ती सोबत अंदाजातली अनिश्चितताही देते आणि तो दुसरा नकाशा पहिल्यापेक्षा मोलाचा असतो. मात्र नाव भारदस्त आहे म्हणून तिला न दिलेला डोंगर ती शोधून आणत नाही. रीत कुठलीही घे, एक परीक्षा घे: एक केंद्र लपव, बाकीच्यांवरून नकाशा काढ, आणि लपवलेल्या जागी किती आलं ते खऱ्या आकड्याशी ताडून बघ. सगळी केंद्रं एकेक करून लपवायची. घाटातलं केंद्र लपवल्यावर जो आकडा येईल, त्याने डोळे उघडतात.

ग्रिड वापरलीस तरी हा प्रश्न संपत नाही, फक्त झाकला जातो. ०.२५ अंशाचा चौकोन आपल्याकडे सत्तावीस किलोमीटरच्या आसपास भरतो. महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच चौकोनात येतात आणि दोघांना मिळून एकच आकडा मिळतो. तो चौकोन गुळगुळीत करून, बायलिनिअरने एक किलोमीटरवर उतरवून दाखवू नकोस. चौकोन दिसतात म्हणून लाज वाटायचं कारण नाही. चौकोन दिसले की वाचणाऱ्याला कळतं, माहिती एवढीच बारीक आहे. चर्प्सची ग्रिड ०.०५ अंशाची, साडेपाच किलोमीटरची, १९८१पासून मिळते. उपग्रह आणि केंद्रं मिळून केलेली. ती घे, पण तिथेही ठिपके वर टाकून ताडून बघ.

तापमान त्या मानाने सभ्य आहे. ते उंचीचं ऐकतं, हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वाई आणि महाबळेश्वर यांच्यात साडेसहाशे मीटर म्हणजे चारेक अंश, हे तोंडी काढता येतं. केंद्रांची तापमानं आधी समुद्रसपाटीला आणून इंटरपोलेशन करायचं आणि मग उंचीच्या रास्टरने परत वर न्यायचं. घोटाळे होतात ते एककांचे. इरा-५ ही ग्रिड तापमान केल्विनमध्ये देते, २७३.१५ वजा कर. तिचा पाऊस मीटरमध्ये असतो, आणि मासिक सरासरीच्या फाइलीत तो रोजचा असतो, म्हणजे महिन्याच्या दिवसांनी गुणावं लागतं. वर्ल्डक्लिमच्या ग्रिडच्या जुन्या आवृत्तीत तापमान दहाने गुणून ठेवलेलं असे, नव्या २.१मध्ये तसं नाही. पुण्याचं सरासरी तापमान २५०च्या आसपास निघालं तर घाबरू नकोस, फाइल जुनी आहे. वर्ल्डक्लिम २.१ची सरासरी १९७० ते २००० या काळाची आहे हेही नकाशावर लिही. सरासरी कुठल्या वर्षांची, हे न लिहिलेला हवामानाचा नकाशा मी बघतच नाही. हवामान विभागाने पावसाची पायाभूत वर्षं १९६१–२०१०वरून १९७१–२०२० केली तेव्हा देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८८०वरून ८७०वर आली. पाऊस तोच, तुलना बदलली.

प्रक्षेपणाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र यूटीएमच्या एका पट्ट्यात मावत नाही. ७८ रेखांशावर ४३वा पट्टा संपतो आणि ४४वा सुरू होतो; अमरावती अलीकडे, नागपूर पलीकडे. एका जिल्ह्याचं काम असेल तर यूटीएम, सबंध राज्याचं असेल तर लॅम्बर्ट, ईपीएसजी ७७५५. ‘सेट लेयर सीआरएस’ आणि ‘रिप्रोजेक्ट लेयर’ ही दोन वेगळी कामं आहेत: पहिलं नुसती पाटी बदलतं, दुसरं आकडे बदलतं. थर जागेवर बसत नाही म्हणून पाट्या बदलत बसू नकोस.

आता हद्दी. देशाची बाह्यरेषा भारतीय सर्वेक्षण विभागाचीच घे. परदेशी संकेतस्थळांवरच्या फुकट फाइलींत काश्मीर वेगळं असतं, आणि तसा नकाशा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे. जिल्ह्यांच्या फाइलीत पालघर आहे का बघ; नसेल तर ती ऑगस्ट २०१४च्या आधीची आहे. पावसाचा तक्ता हद्दींना जोडताना नावावर कधीच जोडू नकोस, सांकेतिक क्रमांकावर जोड. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं जुन्या तक्त्यात आणि नवी नावं नव्या फाइलीत, हे तर आहेच. पण तालुक्यांत खेड दोन आहेत, एक पुण्यात आणि एक रत्नागिरीत. कळंब दोन, मालेगाव दोन. राजगुरुनगरच्या खेडला कोकणातला पाऊस चिकटला तर चाकणच्या शेतकऱ्याला मोठी मौज वाटेल.

जिल्ह्याची सरासरी काढून क्षेत्रघनी नकाशा करायला सांगतील. सांगणारा वरिष्ठ असेल तर कर, पण शेजारी तालुक्याचाही ठेव. साताऱ्याच्या एका रंगात महाबळेश्वर आणि माण दोन्ही असतात, आणि तो रंग दोघांपैकी कुणाचाच नसतो. महसूल मंडळनिहाय आकडे मिळत असतील तर फार उत्तम.

टक्केवारीच्या नकाशाचंही असंच. हवामान विभागाच्या वर्गवारीत उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सर्वसाधारण. महाबळेश्वरची १९ टक्के तूट हजारेक मिलिमीटरची होते. माणला दोन वर्षांत मिळून एवढा पडतो. दोन्हीकडे रंग हिरवाच. नकाशा चुकीचा नाही, पण शीर्षकात ‘सरासरीपासूनचा फरक, टक्क्यांत’ हे ठळक असू दे, नाहीतर लोक हिरव्याला पाणी समजतात.

वर्ग पाडताना सॉफ्टवेअरचे समान अंतराचे वर्ग घेऊ नकोस. पाचशे ते सहा हजार याचे पाच समान भाग केले तर पहिल्याच वर्गात सोलापूर, बीड, पुणे आणि अकोला सगळे एकत्र जातात आणि उरलेले चार रंग मुख्यतः कोकण आणि घाटासाठी राहतात. खाली दाट, वर विरळ असे वर्ग हाताने टाक: ५००, ७५०, १०००, १५००, २०००, ३०००, ४५००. ‘लिनिअर’ऐवजी ‘डिस्क्रीट’ ठेव, म्हणजे सूचीतला रंग आणि नकाशातला रंग जुळतो. इंद्रधनुष्याचे रंग नकोत. पिवळ्यापाशी डोळा उगाच अडतो आणि तिथे काहीतरी घडलंय असं वाटतं. एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा घे. पावसाला निळा, तुटीला तपकिरी. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी नकोत, पुष्कळ पुरुषांना तो फरक दिसत नाही आणि ते सांगतही नाहीत. केंद्रांचे ठिपके शेवटच्या नकाशातही बारीक काळे ठेव. आणि उत्तर दिशेचा बाण एवढाल्ला कशाला घालतात, मला कळलेलं नाही. कोपऱ्यात लहानसा पुरे, प्रमाणपट्टी मात्र हवी.

छापण्याआधी एक काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघ. कचेरीत पुढे सगळीकडे तीच फिरणार आहे. सगळ्या छटा वेगळ्या दिसत नसतील तर दोन वर्ग कमी कर. गावांची नावं शेपफाइलमध्ये देवनागरीत ठेवू नकोस, चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होतात, जिओपॅकेजमध्ये ठेव. जुन्या टायपिस्टने श्रीलिपीत टाईप केलेला तक्ता असेल तर आधी युनिकोड करून घे. पीडीएफ काढताना अक्षरं ‘पाथ’ म्हणून काढायचा पर्याय निवड, आणि फाइल पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर उघडून र्‍हस्व वेलांट्या, जोडाक्षरं आणि ‘सह्याद्री’तला ह्या नीट उमटलाय का ते बघ.